सुनंदाने ट्रेलरमध्ये केलेली जागा

सुनंदा,

त्या दिवशी आपल्या दारात येणारा प्रत्येक माणूस आधी मला शोधत होता. म्हणजे मी आडवा कुठे आहे ते. 'बाईंच्या घरी कोणीतरी गेलं' एवढंच तळा गावात पसरलं होतं आणि त्या कोणीतरीचा अर्थ सगळ्यांनी आपापला लावून घेतला होता. तुझा चुलतभाऊ म्हसळ्याहून आला, तो मला खुर्चीत बसलेला बघून उंबऱ्यातच थांबला. हातात पांढऱ्या फुलांचा हार.

"भावजी, तुम्ही?" म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "मी आहे."

त्याने हार पाठीमागे घेतला. मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच धरून चाललो असतो. मूत्रपिंडं माझी निकामी झाली होती. पोटातल्या नळीने घरीच करायच्या डायलिसिसवर मी जगत होतो. आपल्या घरातून आधी कोण जाणार याबद्दल कोणालाच शंका नव्हती, तुलाही नव्हती. माझ्या मागे तू इथेच राहायचं की प्रज्ञाकडे खारघरला जायचं, हे आपण भाकरी खाता खाता बोलून घेतलं होतं. उलट झालं तर काय, हे बोलायचं राहिलं. ते सुचलंच नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तू बाहेरच्या खोलीत होतीस, बायका भोवती बसल्या होत्या, बुद्धवंदना अजून सुरू व्हायची होती, आणि माझी पिशवी बदलायची वेळ झाली. मी उठलो, आत गेलो, खिडकी लावली, पंखा बंद केला. मास्क बांधला, कोपरापर्यंत हात धुतले. तू शिकवलंस तसंच, बोटांच्या मधून. नवी पिशवी हुकाला टांगली आणि पोटातलं जुनं पाणी सोडून दिलं. ते निघेपर्यंत नेहमीसारखा अर्धा तास बसून राहिलो. बाहेर तू, आत मी. मला वाटलं होतं निदान तिथे, बंद खोलीत, रडू येईल. मी फक्त पाण्याचा रंग बघितला. स्वच्छ होतं. हे तुला ओरडून सांगायची सवय आहे मला, "स्वच्छ आहे गं!" म्हणून. तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हापासून हे असंच आहे. पाहुणे येतात, मी चहा सांगतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलले, तुझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका बोलल्या, चांगलं बोलले सगळे. मी ऐकलं. पण तुझ्याबद्दल बोलताना कोणी ट्रेलरचं नाव काढलं नाही. शाळा आली, महिला मंडळ आलं, पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचं शिकवणाऱ्या बाई आल्या. ट्रेलर कसा आला नाही? अंगणात आंब्याखाली तो उभाच होता. लोकांनी चपला त्याच्याच कडेला काढल्या होत्या.

तो घेतला तेव्हा प्रज्ञा फोनवर म्हणाली होती, "आई, पप्पांची ही अवस्था आणि तुम्ही फिरायला जाणार?" तू म्हणालीस, "अवस्था घेऊनच जाणार." मला तेव्हा तुझं ते उत्तर आवडलं नव्हतं. माझ्या आजाराला तू सामानासारखं उचलत होतीस. पण खरं तर तो सामानच होता. दिवसाला चार पिशव्या पाणी, प्रत्येक पिशवी दोन लिटरची. शिवाय टोप्या, मास्क, साबण, हूक, पिशवी कोमट करायची गादी. चार दिवसांसाठी निघायचं म्हटलं की घरातल्या कपाटाएवढे खोके. म्हणून आपण कुठे जात नव्हतो. लग्नाला गेलो तर जेवणाआधी परत. हॉटेलच्या खोलीत मला पिशवी बदलायची भीती वाटायची, कोण कुठल्या हाताने काय पुसून गेलंय कोणास ठाऊक. तू निवृत्त झालीस त्या वर्षी म्हणालीस, "मग आपली खोली आपणच नेऊ."

नागावच्या एका तंबूवाल्याने काढून टाकलेला हा घडीचा ट्रेलर तू बघून आलीस. दोन चाकांचा, बंद असताना कमरेइतका उंच पेटारा. छत वर उचललं की कापडी भिंती ताठ होणार, दोन्हीकडून पलंग बाहेर सरकणार, मध्ये उभं राहण्यापुरती जागा. मी म्हणालो, "ह्यात आपण दोघं मावलो तर पाणी मावणार नाही, आणि पाणी मावलं तर मी मावणार नाही." तू टेप काढलीस. माझ्या बोलण्याला तुझं उत्तर बहुतेक वेळा टेपच असायचं.

शाळेत तुझा हात पुठ्ठ्यावर बसलेला. घड्याळं, फुलपाखरं, गुणाकाराची चक्रं, सगळं पुठ्ठ्याचं. आता माझ्या पिशव्यांचे रिकामे खोके घरात ढीगभर पडलेले असायचे. तू त्या खोक्यांचे कप्पे करून आधी ट्रेलरमध्ये ठेवून बघायचीस. बसला तरच प्लायवूड. बाकाच्या खाली पेटी केलीस आणि वरची फळी उचलती केलीस. तंबूचे दांडे आत लोळायचे, ते तू ट्रेलरच्या पोटाखाली जाड पीव्हीसी पाइप बांधून त्यात घातलेस, दोन्ही टोकांना फिरकीचं झाकण. कापडी भिंतीला खिसे शिवलेस. एका खिशात मास्क, एकात टोप्या, एकात साबण. मी आंधळा झालो तरी हात तिथेच जाईल म्हणालीस. जीपला जोडायच्या दांड्यावर पुढे एक लोखंडी पेटी बसवून घेतलीस. पेट्यांना आतून थर्माकोल लावलास, पाणी उन्हाने तापू नये म्हणून. मी म्हणायचो थर्माकोलनेच निम्मी जागा खाल्ली. तू म्हणायचीस, "मग निम्म्या दिवसांनी परत येऊ." आलो नाही कधी.

पहिल्यांदा आगरदांड्याला फजिती झाली ते आठवतं? दिघीला जायचं होतं, पुढे दिवेआगर. वारा सुटला म्हणून गाड्या नेणारी बोट पलीकडेच थांबलेली. आपण रांगेत. दुपारची पिशवी जीपमध्ये वेगळी काढून ठेवायची राहिली होती. कोणाकडून राहिली यावर आपण नंतर बरंच बोललो. सगळ्या पिशव्या मागे, बाकाखालच्या पेटीत. पेटीवर बाक, बाकावर सरकवून ठेवलेला पलंग, त्यावर मिटलेलं छत. आतल्या एका पिशवीसाठी अख्खं घर उघडायला लागणार. थोडा उशीर चालतो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण बोट कधी येईल ते जेट्टीवर कोणालाच माहीत नव्हतं. आणि माझे पाय सकाळपासून सुजलेले तुला दिसत होते.

तू उतरलीस आणि ट्रेलर उघडायला लागलीस. भर रांगेत. छत वर गेलं, वाऱ्याने कापड फडफडायला लागलं. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. जेट्टीवरचा माणूस धावत आला.

"ओ ताई, हितं काय घर मांडताय काय? बोट यायची हाय!"

"आली की मोडते," तू म्हणालीस. "माझ्या माणसाचं औषध आत अडकलंय."

तो तुझ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग टेम्पोवाल्याला ओरडला, "ए, हॉर्न नको मारू रे, पेशंट हाय!" आणि छताचा एक कोपरा त्यानेच धरून ठेवला. मी जीपच्या मागच्या सीटवर काचा लावून पिशवी बदलली. घामाने निथळत होतो. तू बाहेर काचेला पाठ लावून उभी राहिलीस, कोणी आत डोकावू नये म्हणून. बोट आली, गेली. आपण पुढच्या बोटीने गेलो. पाण्यात मध्यावर आल्यावर तू म्हणालीस, "बाहेरून उघडलं पाहिजे."

"काय?"

"पेटी. ट्रेलर बंद असताना बाहेरून उघडली पाहिजे. पत्रा कापून दार करायचं."

मी म्हणालो, एकदा पत्रा कापला की तो कापलाच. पाणी शिरेल, गंज धरेल, आपल्याकडचा पाऊस काय असतो ते तुला मी सांगायला नको. दिवेआगरला पोहोचेपर्यंत आपण तेच बोलत होतो. समुद्र दिसला तेव्हाही तेच. घरी आल्यावर तू पुठ्ठ्याचं दार कापून ट्रेलरच्या बाहेरून चिकटवून ठेवलंस, आणि येता-जाता मला ते दिसेल असं बघितलंस. आठवडाभर गप्प होतीस. नंतर एके दिवशी मी बँकेतून आलो तर अंगणात ग्राइंडरचा आवाज, ठिणग्या, आणि वेल्डरच्या शेजारी डोळ्यांना माझा गॉगल लावून तू उभी.

दाराला तू दुहेरी रबर लावलंस. त्या पावसाळ्यात मी रोज बाहेर जाऊन दार उघडून आत हात फिरवून बघायचो. ओल सापडावी अशी माझी फार इच्छा होती. सापडली नाही. मी तुला तसं कधी सांगितलं नाही, तू विचारलंही नाहीस. तुला सगळं दिसत होतं स्वयंपाकघरातून.

पुढचे तीन हिवाळे मी माणसात राहिलो ते त्या दारामुळे. मी हे शब्द तुझ्यासमोर वापरले नसते. काशीदच्या सुरूच्या बनात, मुरुडला, कोर्लईच्या खाली, रस्त्याच्या कडेला कुठेही जीप थांबवायची, तू दार उघडणार, पिशवी काढणार, दार बंद. एवढंसं काम. त्या अर्ध्या तासात आपण काय करायचो? भांडायचो. मला हलता येत नसे, म्हणून तू तेव्हाच विषय काढायचीस हे मला फार उशिरा कळलं. प्रज्ञाला दुसरं मूल हवं की नको, तुझ्या भावाने घरावर मजला चढवावा की नाही, गवार चिरायची की मोडायची. नळी पोटाला लागलेली, मी कुठे जाणार? कोर्लईला एकदा पिशवीतलं पाणी संपून गेलं तरी आपण थांबलो नव्हतो. कोळणी जाळी उचलून गेल्या, परत आल्या, तरी आपण गवारीवरच.

आणि शेवटचं ते मागच्या पेटीचं.

तुला ट्रेलरच्या मागे आणखी एक पेटी हवी होती. घडीच्या खुर्चीसाठी आणि स्टोव्हसाठी. मी म्हणालो, आता पुरे. चाकांच्या मागे वजन टाकलं की पुढचा दांडा हलका होतो, ट्रेलर झुलायला लागतो, घाटात उतरताना जीपलाच ओढून नेईल. यात माझं चुकत नव्हतं. हे मी नेटवर वाचलं होतं, मेकॅनिकनेही सांगितलं होतं. तू म्हणालीस, "खुर्चीला काय वजन असतं? आणि पाण्याचा कॅन पुढे आणू, मग बरोबर होईल."

"खुर्ची आत आहे की."

"आत आहे म्हणूनच. पोचल्यावर आधी छत, मग पलंग, मग बाक, मग खुर्ची निघते. तोवर तुम्ही झाडाला टेकून उभे."

"मला उभं राहता येतं."

"मला दिसतं किती येतं ते."

मी चिडलो. तू बिजागऱ्या आणून ठेवल्यास. मी त्या उचलून कपाटावर ठेवल्या. तू खाली काढल्यास. त्या बुधवारी सकाळी तू पुठ्ठा कापायला बसली होतीस. मी पेपर वाचत होतो. तू म्हणालीस, "डोकं फार दुखतंय हो." मी म्हणालो, "चष्मा न लावता कापत बसतेस." माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं ते. वाईट बोललो असं नाही, आपण तसंच बोलायचो. मग कात्री पडल्याचा आवाज आला. माणगावला नेईपर्यंत तू होतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, कोणाच्या हातात नव्हतं. मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" एवढंच म्हणालो.

प्रज्ञा राहिली माझ्याजवळ. चांगली वागते, तुझ्यासारखं बोलत नाही, जपून बोलते. मला खारघरला चला म्हणते. ट्रेलर विकायचं तिनेच काढलं. मी हो म्हणालो. या दिवसांत मला जे विचारतात त्याला मी हो म्हणतो. चौलला एकाची नारळ-पोफळीची वाडी आहे, आत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, त्याला असा ट्रेलर हवा होता. प्रज्ञाने जीप चालवली. मी शेजारी बसलो. तुझ्या जागी मी आणि माझ्या जागी ती. 

माणूस भला होता. आधी शहाळी दिली. मग ट्रेलर उघडून घेतला आणि त्याच्याभोवती फिरला. बाकाची फळी उचलून बघितली, खिसे बघितले, हसला. "हे सगळं काढून टाकायला लागेल. मोकळं केलं की चौघं झोपतील आरामात." त्याचं बरोबर होतं. चौघं झोपले असते. मग तो दारापाशी आला.

"हा पत्रा कुणी कापला? अख्खी बाजू घालवली."

"माझ्या बायकोने," मी म्हणालो.

"परत बंद करून मिळेल, वेल्डिंग मारून," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो, मिळेल." मला खरंच काही वाटलं नाही, सुनंदा. तुला खोटं सांगत नाही. तो एखाद्या दुसऱ्याच गाडीबद्दल बोलत असावा तसं मी ऐकत होतो. प्रज्ञा मात्र बघत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या खिशांकडे बघत होती. तुझे टाके तिला ओळखू येतात, लहानपणी तिचे सगळे फ्रॉक तूच शिवलेस.

"काका, माफ करा," ती म्हणाली. "विकायचा नाहीये."

"अहो, तुम्हीच फोन केला होता ना?"

"हो. मीच केला होता. चूक झाली."

तो काही वाईट बोलला नाही. निघताना दोन शहाळी आणखी टाकली जीपमध्ये.

वाडीतून बाहेर पडलो आणि माझी वेळ झाली. प्रज्ञाने पोफळींच्या सावलीत जीप लावली. ती गेल्या इतक्या वर्षांत कधी हे करायला थांबली नव्हती, बघवत नाही म्हणून खोलीबाहेर जायची. त्या दिवशी म्हणाली, "सांगा पप्पा, काय काय करायचं." मी सांगत गेलो. तिने बाहेरचं दार उघडलं, पिशवी काढली. पिशव्यांशेजारी ठेवलेले मास्क काढले, तिने एक बांधला, मला एक बांधला. हात धुतले. टोपी उघडताना तिने बोटं कुठे लागू दिली नाहीत. पाणी निघायला लागलं. मग आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.

"आई ह्या वेळात काय करायची?" तिने विचारलं.

"भांडायची."

"कशावरून?"

मी तिला मागच्या पेटीचं सांगितलं. तिने विचार केला, ती इंजिनिअर आहे, वजनाचं तिला कळतं. म्हणाली, "नाही पप्पा, तुमचं बरोबर होतं. मागे वजन नकोच. आईचा हट्ट होता तो."

मला वाटलं होतं बरं वाटेल. इतके दिवस मला ते कोणीतरी म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हट्ट कसला? खुर्चीला काय वजन असतं?" ती म्हणाली, खुर्ची, स्टोव्ह, शिवाय पेटीचंही वजन धरा. मी म्हणालो, पाण्याचा कॅन पुढे आणायचा, मग बरोबर होतं. ती म्हणाली, तरी झुलणार. मी म्हणालो, तुला माहीत नाही, पोचल्यावर आधी छत, मग पलंग, मग बाक, तोवर माणसाने झाडाला टेकून उभं राहायचं का? माझा आवाज चढला होता. मास्क पुढे-मागे होत होता. प्रज्ञा वाद घालत राहिली, आणि मी तुझं एकेक कारण काढत गेलो, तू सांगितलेलं, आणि एखाददुसरं तू न सांगितलेलंही. काचेबाहेर एक बाई सुपाऱ्या गोळा करत होती, ती थांबून आमच्याकडे बघायला लागली.

"पण खुर्ची कोणासाठी होती?" प्रज्ञाने मध्येच विचारलं.

"माझ्यासाठी."

"आणि नको कोण म्हणत होतं?"

"मीच."

तिने पुढे होऊन माझा चष्मा काढला, कारण मास्कच्या वर तो वाफेने भरून गेला होता, मला काही दिसत नव्हतं. वाफ नव्हती ती सगळी. तिने ओढणीने पुसला आणि परत लावला. "पाणी बघा," म्हणाली, "कसं आहे?"

"स्वच्छ आहे," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

प्रज्ञा खारघरला गेली आहे, पुढच्या रविवारी परत येणार आहे. तू अर्धा कापून ठेवलेला पुठ्ठा तिने मोजला, म्हणाली आईचं माप अर्धा इंच लहान आहे, खुर्ची अडकेल. खारघरचं तिने परत काढलं नाही, मीही काढलं नाही. बाकी सगळं आहे तसंच आहे. सकाळी उठतो, हात धुतो, खिडकी लावतो. अजून घरात माझा आवाज मला मोठा वाटतो.

मागे वजन वाढलं की ट्रेलर झुलतो, हे मी आजही म्हणतो. तू त्यावर काय म्हटलं असतंस ते मला माहीत आहे. म्हणून आज संध्याकाळी पाण्याचा कॅन पुढच्या पेटीत नेऊन ठेवला. जड होता, दोनदा थांबायला लागलं, पण ठेवला.